तारेचे वेढे कुठल्या बाजूला

सासऱ्यांच्या छातीतली तार दुसऱ्यांदा गुंडाळली गेली, तेव्हा घरात कुणालाच प्रश्न पडला नाही. उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. म्हातारा ऐकत नाही, चाळा करतो.

झालं होतं ते असं. सासऱ्यांचं हृदय मध्येच ठोका विसरायचं, म्हणून डॉक्टरांनी डाव्या खांद्याच्या जरा खाली, कातडीच्या आत पेसमेकर बसवला. काडेपेटीएवढी चपटी डबी आणि तिच्यातून निघून शिरेतून थेट हृदयात गेलेली एक तार. वर्ष सरायच्या आत ती डबी कातडीखाली फिरत गेली, रिळावर दोरा चढावा तशी तार तिच्यावर चढली, आणि तारेचं टोक हृदयातून सुटून वर आलं. अंघोळीला निघालेले सासरे भोवळ येऊन दारातच बसले. डॉक्टरांनी पुन्हा कापलं, तार सरळ केली, आणि बजावलं की काही पेशंटांना ही खोड असते, बसल्याबसल्या डबी बोटांनी फिरवत राहतात. आता तिथं हात लावायचा नाही.

"मी हात लावत नाही," सासरे म्हणाले.

तोंडाला साखर लागलेलं पोर 'मी नाही खाल्ली' म्हणतं, तेव्हा मोठी माणसं जशी हसतात, तसं सगळे हसले.

सासरे जन्मभर बस चालवत आलेले. निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरचे हात शिवशिवणारच, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांनी यावर रामबाण उपाय काढला. त्या घरी मशीनवर स्वेटर विणून विकायच्या. सुईदोऱ्याला त्यांच्याकडे काय तोटा. नवऱ्याचे सगळे शर्ट त्यांनी उसवले आणि पुढून बंद, बटणं पाठीवर, असे पुन्हा शिवले. म्हणजे हात आत जाणारच नाही. रोज सकाळी सासरे बायकोकडे पाठ करून उभे राहायचे आणि ती शाळेत जाणाऱ्या लेकराला लावावीत तशी त्यांची बटणं लावायची. ऑपरेशन त्यांनी निमूट सोसलं, हे सोसवेना. बागेतल्या बाकावर जुने ड्रायव्हर जमायचे, तिथं जाणंच त्यांनी सोडून दिलं.

आणि एवढं करूनही तार पुन्हा गुंडाळली गेली.

या खेपेला डॉक्टर जरा गंभीर झाले. तीच जागा तिसऱ्यांदा कापायची. जखमेत काही शिरलं तर ते तारेवरून चालत हृदयापर्यंत जातं, आणि वय तर परत फिरत नाही. हे पुन्हा पुन्हा करणं जमायचं नाही, म्हणाले. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं, आणि त्यानंतर रात्री झोपताना त्यांच्या हातांना पिशव्या बांधाव्यात असं सुचवलं गेलं. मुलगा दुसऱ्याच दिवशी जाड कापडाच्या दोन पिशव्या घेऊन आला. सासऱ्यांनी त्या पाहिल्या आणि तोंड भिंतीकडे केलं.

हे सगळं बघणारी एक सून घरात होती. हाती लागेल ते उघडून बघायची खोड तिला लहानपणापासून, म्हणून माहेरी तिचं नाव पेचकस पडलेलं. सासरी ती यायच्या आधी ते नाव येऊन पोचलं होतं. शिकून इंजिनियर झाली आणि नेमकी पेसमेकर बनवणाऱ्या कारखान्यातच लागली. तिथं मीटिंगमध्ये विचारायची, ही कड गोल का, हे भोक इथंच का, तिथं का नाही. साहेब शेवटी वैतागून म्हणाला, बाई, तुला पगार आहे तो उत्तरांचा. तेव्हा तिनं शोध घेतला की निव्वळ प्रश्न विचारून पोट भरता येईल असा काही धंदा आहे का. होता. रीतसर कायदा शिकून ती पेटंटची वकील झाली.

म्हणजे काम असं, की कुणीतरी शरीरात बसवायचं नवं काही घडवतो, झडप म्हणा, स्क्रू म्हणा, आणि त्यात खरोखर नवं काय आहे हे हिनं अशा शब्दांत कागदावर मांडायचं की दुसऱ्याला ते आपलं म्हणून मिरवता येऊ नये. तिची एक पद्धत होती. आलेल्या माणसाच्या फायलीला ती आधी शिवायचीच नाही. ती वस्तू मागून घ्यायची, डोळे मिटायची आणि हातात फिरवत बसायची. समोरचा चुळबुळ करायचा. आधी हात, मग कागद, म्हणायची.

पण प्रत्येक धंद्यात एक झापड असतेच. पेटंटच्या अर्जात सुरुवातीला जुनी अडचण सांगायची असते, आणि तो परिच्छेद कुणी नव्यानं लिहीत नाही. आधीच्या अर्जातला उचलतात. त्या अर्जानं त्याच्या आधीच्यातला उचललेला असतो. 'रुग्ण ही डबी बोटांनी फिरवतो' हे वाक्य पेचकसनं स्वतःच्या हातानं किती अर्जांत उतरवलं होतं, तिचं तिला आठवत नव्हतं. आत्ताही टेबलावर तसलीच फाईल होती. एका छोट्या कंपनीच्या इंजिनियरनं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत डबी घडवली होती, बोटांना धरताच येऊ नये अशी. महिनाअखेरीला अर्ज जायचा होता. घरात सासरे कानीकपाळी ओरडत होते की मी हात लावत नाही, आणि ऑफिसात सूनबाई लिहून देत होत्या की लावतात.

ऑपरेशनच्या कागदपत्रांची जमवाजमव करताना दोन्ही वेळचे एक्स-रे तिच्या हाती आले. सहज म्हणून तिनं ते खिडकीच्या काचेवर शेजारी-शेजारी धरले. तारेचे वेढे सुबक, एकावर एक. पहिल्यातही आणि दुसऱ्यातही एकाच बाजूला गेलेले. फिल्म उलटी तर धरली नाही ना, म्हणून तिनं कोपऱ्यातलं अक्षर तपासलं. सरळ होतं.

डोक्यात किडा शिरला तो तिथं.

दुसऱ्या दिवशी तिनं ड्रॉवरमधली नमुन्याची डबी काढली, एका ढगळ मोज्यात घातली, तारेचं टोक मोज्याला टाचलं, आणि तो मोजा ऑफिसात फिरवला. फोनवर बोलत असलेल्या रिसेप्शनिस्टच्या हातात दिला, हिशेबनिसाच्या हातात दिला. काही करू नका, नुसता चाळा करा. एकीकडून हे काय खूळ अशी कुजबुज, एकीकडे चाळा. दुपारपर्यंत मोजा सगळीकडून फिरून आला. तार वेढाभर चढलेली, मग उतरलेली, पुन्हा उलटी चढलेली. कंटाळलेलं बोट कधी एका दिशेनं जात नाही. त्याला इकडंही जायचं असतं, तिकडंही.

मग एकाच दिशेनं काय जातं? बसचं स्टिअरिंग म्हणावं, तर तेही वळण संपलं की उलटं येतं. शिवाय बस कधीच सुटली होती. पेचकस संध्याकाळपर्यंत थांबू शकली नाही. दुपारीच घरी आली. नोकरी लागल्यापासून त्या वेळेला घर कसं असतं हे तिनं पाहिलंच नव्हतं.

सासूबाई विणकामाच्या मशीनवर होत्या. पलीकडे सासरे टेबलाशी बसून लोकर गुंडाळत होते. लोकर लड्यांनी यायची. ती मशीनवर चढवण्याआधी एका लाकडी चाकाचा दांडा फिरवून सुळक्यासारख्या रिळावर घ्यावी लागायची. सासूबाईंचा हात आखडायला लागल्यापासून हे काम सासऱ्यांनी आपणहून घेतलं होतं. चाक हाती आल्यावर गडी खुलला होता. दांडा फिरवताना तोंडानं गिअर बदलल्याचा आवाज काढायचे, आणि लडी संपली की "स्वेटर, शेवटचा थांबा" म्हणून सांगायचे. टेबल उजव्या टोकानं भिंतीला चिकटलेलं, म्हणून दांडा डावीकडे. डावा हात गोल गोल, खांद्यापासून, एकाच दिशेनं.

पेचकस दारातच उभी राहिली. बराच वेळ. सासूबाईंना वाटलं पोरीला बरं वाटत नाही. तिनं चप्पलही काढली नाही, तशीच सासऱ्यांशेजारी जाऊन बसली.

"बाबा, तिथं हात लावू का?"

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. "तिला विचार. तिथं हात लावायला मालकालाच बंदी आहे."

सासूबाईंनी पाठीवरची वरची बटणं काढली. शर्ट खांद्यावरून उतरवला. पेचकसनं दोन बोटं डबीवर ठेवली, आणि क्षणभर ती विचारायचं तेच विसरली. एवढी वर्षं असल्या डब्या तिनं हातात घोळवल्या होत्या, सगळ्या थंडगार, ड्रॉवरमधल्या. ही उबदार होती. पातळ कातडीखाली, कुणाच्या तरी श्वासाबरोबर वर-खाली होणारी.

चाक फिरवा, ती म्हणाली. सासऱ्यांनी फिरवलं. खांदा पुढे गेला की डबीची कड ढकलली जायची. मागे आला की माघारी यायची. पण पुरती यायची नाही. जरासं काहीतरी दर फेरीला राहून जायचं. बाजू तीच, एक्स-रेतली. मग तिनं चाक उलटं फिरवायला सांगितलं. लोकर सुटेल म्हणून सासूबाई ओरडल्या. सुटू दे, म्हणाली. लोकर सुटून मांडीवर पडत गेली आणि बोटांखाली डबी उलट्या बाजूला सरकू लागली.

पेचकसनं दोघांना जे कळलं ते सांगितलं.  सासूबाई सासऱ्यांच्या मांडीवरची लोकर उचलून उगाच नीट करत बसल्या. ही लोकर त्यांची, हे चाक त्यांचं, टेबल भिंतीला लावायची सोय त्यांची, आणि बटणंही त्यांचीच.

"मी हात लावत नव्हतो," सासरे म्हणाले.

"मग बोलायचं होतं."

"बोललो होतो."

"जोरात बोलायचं होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांत लोकरीचा तंतू गेल्यासारखं करून आत निघून गेल्या.

डॉक्टरांनी आधी कपाळाला आठी घातली. पेटंटची वकील आपल्याला छातीतलं शिकवणार म्हणजे काय. पण माणूस सरळ होता. त्यांनी स्वतः बोटं ठेवून सासऱ्यांना हात हवेत गोल फिरवायला लावला, एकदा, परत एकदा, आणि मग आठी गेली. हात लावता का एवढंच मी विचारत राहिलो, म्हणाले. दिवसभर करता काय, हे विचारायचं राहूनच गेलं. तिसऱ्या ऑपरेशनला त्यांनी डबी खोल, स्नायूच्या खाली घट्ट बसवली आणि टाके घालून जखडली. डाव्या हातानं चाक कायमचं बंद. रात्री हात बांधायचे का, असं मुलानं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्या पिशव्यांत त्यानं पुढे बागेतली माती भरली.

राहिला तो गोटेवाला इंजिनियर. अर्ज थांबवा, असं पेचकसनं सांगितल्यावर तो उखडलाच. कुणा म्हाताऱ्याच्या लोकरीपायी आपली एवढी मेहनत अडवून धरता म्हणाला. तिनं वाद घातला नाही. दोन ढगळ मोजे आणले, एकात जुनी चौकोनी डबी, दुसऱ्यात त्याचा गोटा. खांद्याखाली चिकटपट्टीनं एकेक बांधून घ्या आणि हात फिरवा म्हणाली. भर ऑफिसात तो गृहस्थ गोलंदाजासारखा हात फिरवत राहिला. चौकोनी डबी कशीबशी हलली. त्याचा गोटा मात्र मजेत फिरत होता. त्याला अडायला कोपराच नव्हता. इंजिनियर हळूहळू खुर्चीत बसला. मग म्हणाला, उलट्या बाजूनं फिरवून बघू का? तेव्हा पेचकसला तो माणूस आवडला.

नवी डबी वेगळ्याच आकाराची निघाली, टाक्यासाठी कानासारख्या कड्या असलेली. अर्ज उशिरा गेला. त्यातला पहिला परिच्छेद पेचकसनं आयुष्यात प्रथमच स्वतः लिहिला. त्या एका परिच्छेदाला तिला अख्ख्या अर्जाहून जास्त वेळ लागला.

पुढच्या एक्स-रेत तार सरळ होती. त्याच्या पुढच्यातही. सासूबाईंनी कुणाची मदत न घेता टेबल फिरवून दुसऱ्या भिंतीला लावलं, दांडा उजवीकडे आला. ड्रायव्हरची सीट बदलली, पण गाडी चालू राहिली. माफीबिफी त्या घरात कुणी मागत नाही. एकेक शर्ट तेवढा पुन्हा उसवला जात होता आणि बटणं पुढे येत होती.

त्यातला एक निळा शर्ट राहून गेला. एका सकाळी सासऱ्यांना बाकावर जायची घाई, आणि धुतलेला तेवढाच. त्यांनी तो सरळ उलटा घातला. बटणं पुढे आली, खिसा पाठीवर गेला. पेचकस बघतच राहिली. हे आधी का सुचलं नाही, तिनं विचारलं.

"सुचलं होतं की. पहिल्याच दिवशी," शेवटचं बटण आपल्या हातानं लावत ते म्हणाले. "पण मग तुम्ही म्हणाला असता, बघा, म्हाताऱ्याला हात लावायचाच आहे."

आणि पाठीवरच्या खिशासकट ते बाकाकडे निघाले.