आमचा स्पेन राहून गेला

काकूला शेवटचं भेटले ती मी लेकीकडे जर्मनीला महिनाभर राहून आल्यावर. ऱ्हाईन नदी पाहिली, असं मी मोठ्या उत्साहाने सांगायला लागले, तर तिने उशीवरूनच विचारलं, "कुठल्या दिशेला वाहते?" माझं लक्ष गेलं नव्हतं. "मग गेलीस कशाला एवढ्या लांब?" असं म्हणून तिने भिंतीकडे तोंड वळवलं. मला राग आला. आठवड्याभरात धाकट्या भावाचा, वसंताचा, फोन आला… काकू गेली.

पन्नासच्या दशकात माझे वडील आणि काका साताऱ्याकडून पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरीला आले आणि कासारवाडीत दोन खोल्यांत आमची दोन्ही कुटुंबं राहू लागली. काकू वाईची. लग्नाआधी दोन वर्षं ती तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. इथे आल्यावर शिकवायला उरलो मी आणि वसंता. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी युरोपचा धडाच गाळला होता. "तिकडं कोन जानार हाय आपल्यातलं?" असं ते म्हणाल्याचं वसंताने घरी सांगितलं आणि काकूचा पारा चढला. त्याच संध्याकाळी तिने आम्हाला स्वयंपाकघरात पाट्या घेऊन बसवलं.

ती शिकवायची फार छान, पण तिच्यात धीर अजिबात नव्हता. नॉर्वेचा किनारा आम्हाला समजेना, कारण समुद्रच कोणी पाहिलेला नव्हता, तिनेसुद्धा नाही. शेवटी तिने परातीतल्या भाकरीच्या पिठात बोटं खुपसून खोल चिरा पाडल्या आणि त्यांत पाणी ओतलं. "हे डोंगर, आणि हा आत शिरलेला समुद्र. आता तरी कळलं?" पिठाचा चिखल झाला. जेवताना काका म्हणाले, "भाकरी अशी काय झालीय?" वसंता म्हणाला, "नॉर्वे आहे तो." काका हसले नाहीत. वसंता हंगेरी आणि बल्गेरियात नेहमी गोंधळायचा. मग ती पाटी हिसकावून घ्यायची, पुसायची, पुन्हा डॅन्यूब काढायची. "अरे, नदी धरून चाल ना. नदी कशी चुकेल?" तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एवढ्याशा गोष्टीचं हिला इतकं का लागतं, हे आम्हाला कळत नसे.

पुढे एकदा शाळेतल्या तपासणीत वसंताने डॅन्यूबकाठची शहरं उगमापासून मुखापर्यंत न अडखळता सांगितली. हे कोणी शिकवलं, अशी हेडमास्तरांनी चौकशी केली आणि रविवारी ते आमच्या घरी आले. शाळेत एका शिक्षिकेची जागा होती. काकूने चहा केला, कप ठेवले आणि ती दाराशी उभी राहिली. काका म्हणाले, "आमच्यात बायका नोकरी करत नाहीत. माझा पगार पुरतो." हेडमास्तर थेट तिच्याकडे वळले. "बाई, तुम्हाला काय वाटतं?" तिने तोंड उघडलं होतं… मी समोरच बसले होते, मला स्पष्ट दिसलं. पण काकाच म्हणाले, "तिचं माझं एकच मत आहे." माझे वडीलही तिथेच होते. ते कपातला चहा ढवळत राहिले.

संध्याकाळी आम्ही पाट्या घेऊन बसलो. फ्रान्स संपला होता, स्पेन सुरू व्हायचा होता. "आज नको," काकू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नको. मग आम्ही विचारायचंच सोडलं. स्पेन, पोर्तुगाल राहूनच गेले. मी मोठी झाल्यावर तिला कारण विचारलं, तर "कंटाळा आला होता मला," एवढंच म्हणाली.

तेराव्याला काका आल्यागेल्याला कौतुकाने सांगत होते, "हिला शाळेतून मागणी आली होती. हेडमास्तर स्वतः घरी आले होते." मला ऐकवेना. सगळे गेल्यावर मी विचारलं, "मग पाठवलं का नाहीत?" "तेव्हा काही वाटलं नाही तसं," काका म्हणाले. "आणि तिनेही पुन्हा विषय काढला नाही."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. डब्यांच्या फळीखाली ती आम्हाला शिकवताना पाठ टेकून बसायची, तिथे भिंतीवर तेलकट डाग आहे. काका मागोमाग काठी टेकत आले. "रंग काढून घ्यायचाय आता," ते म्हणाले. मी म्हटलं, "एवढी भिंत राहू द्या." त्यांनी विचारलं, "का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरोखरच विचारत होते.