एका कोयत्याचं गाणं

यंदाच्या वर्षाचं गाणं कोणतं, असं विचारलं तर आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागात दोन मतं होणार नाहीत. थंडीत ते आलं. उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे जाताना आधी लांबून त्याचा ठेका ऐकू यायचा, मागून दोन ट्रॉल्या दिसायच्या. मग ते गॅदरिंगमध्ये शिरलं, रील्समध्ये शिरलं, आणि मे महिन्यात त्याच्याशिवाय कुणाला हळद लागेना. ध्रुवपद सोपं होतं: ‘तुझा-माझा एक कोयता’. मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगते, कारण त्या गाण्याविरुद्धचं पत्रक मी लिहिलं.

मी पत्रकांवरच वाचायला शिकले. ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वारा शिरू नये म्हणून बाबा सभांमधून आणलेली पत्रकं आतून चिकटवायचे. ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘हक्क’, ‘एकजूट’ आणि ‘धिक्कार’ वाचता यायला लागले. आजही मला राग आला की तो छापील अक्षरांतच येतो.

नगरला आमचा एक छोटा गट आहे. वाचतो, भांडतो, पत्रकं काढतो. मार्चमध्ये आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या मागे लागलेल्या पोराने तिला भर रस्त्यात कोयता दाखवला. त्या आठवड्यात आम्ही झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत जमलो तेव्हा खाली रस्त्यावर तेच गाणं वाजत होतं.

“ऐका, ऐका,” एकजण म्हणाला. “आता प्रेमातसुद्धा कोयता!”

मग ती मैत्रीण माझ्याकडे वळली. “तू शेवगावकडची ना? तिकडे या शब्दाचा दुसरा काही अर्थ आहे का गं?”

आहे. आमच्याकडे ऊसतोडीची टोळी बांधणारा मुकादम कोयते मोजतो तेव्हा माणसं मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. माझे आई-बाबा माझ्या जन्माआधीपासून एक कोयता होते. गाण्यातली मुलगी मुलाला लग्नाचं विचारते आहे, इतकंच.

पण गटात सगळ्यांना मी सांगितलं होतं की आमची शेती आहे.

“नाही,” मी म्हणाले. “कोयता म्हणजे कोयता.”

पत्रकही मीच लिहायला घेतलं, आणि ते चांगलं झालं. ‘हत्याराला मांडवात नाचवणाऱ्या संस्कृतीचा धिक्कार असो!’ खाली गटाचं नाव. कॉलेजच्या दारात वाटलं, त्याचा फोटो मोबाईलवरून फिरला आणि फिरत फिरत आमच्या गावाच्या ग्रुपवर पोचला. सरपंचांनी जाहीर केलं, हे गाणं गावात वाजणार नाही.

मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो. हळदीला आई-बाबांना त्या गाण्यावर नाचवायचं, हे त्याने सीझन संपायच्या आधीच ठरवलं होतं. बाबा कुठल्याच लग्नात नाचलेले नाहीत, पण या गाण्यावर हो म्हणाले होते. मी घरी पोचले तेव्हा भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता.

“आल्या, धिक्कारताई आल्या.”

“कोण म्हणतं मी लिहिलं?”

“ताये, लहानपनी मी तुझं दप्तर लपवलं तवाबी तू माझा धिक्कारच केल्ता. मला कळत न्हाई व्हय?” मग हसू आवरून म्हणाला, “जा, सरपंचाला सांग. तुझं ऐकतील.”

मी गेले. सरपंच आमच्याच दारात खुर्चीवर बसले होते. मी त्यांना कोयत्याचा अर्थ सांगायला लागले. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, “पोरी, माझी आईबी कोयत्यावर गेल्ती. मला म्हाईत न्हाई का? पन तुमी शिकलेल्या लोकांनी छापलं. आमाला वाटलं, अर्थ बदलला आसंल.”

मला खाली बघावं लागलं. ते मात्र उठले आणि डीजेवाल्याला ओरडून म्हणाले, “वाजव रं! ताईनं परवानगी दिली!”

ठेका सुरू झाला. भावाने बाबांचा हात धरला, आईला हाक मारली. आई हळदीचं ताट घेऊन उभी होती. ती माझ्याजवळ आली.

“तुला तिथं कुनी इचारलं हुतं का, कोयता म्हंजी काय?”

“हो.”

“मंग?”

“मी म्हटलं, कोयता म्हणजे कोयता.”

आईने मान हलवली. “नाचा तुमी,” ती भावाला म्हणाली. “माज्या हाताला हळद हाय.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं, भावाच्या हातातून हात सोडवून घेतला आणि परत खुर्चीवर जाऊन बसले. भाऊ मित्रांबरोबर नाचला. गाणं संपेपर्यंत आई ताट खाली ठेवायला तयार नव्हती.

त्या गाण्याविरुद्ध लिहिण्यासारखं खरंच काही होतं. बाई एकटी उरली की ती अर्धी का होते, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सीझनआधीची उचल द्यायला का कुरकुरतो, हे मला लिहिता आलं असतं. त्यासाठी आधी आई कोण आहे ते सांगावं लागलं असतं.

दसऱ्यानंतर ते मी लिहिलं. पहिलं वाक्य असं आहे: ‘माझे आई-बाबा मिळून एक कोयता आहेत.’ झेरॉक्सच्या खोलीत मी ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर त्या मैत्रिणीने विचारलं, “हे कोणत्या गाण्याबद्दल आहे?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. खाली रस्त्यावरून तोडीला निघालेला ट्रॅक्टर चालला होता, आणि त्याच्यावर या सीझनचं नवं गाणं लागलं होतं.