गोदा झोपायची आणि पाखरं फिरायची

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि ती उतरवणाऱ्यांवर तर त्याहून नाही. माझं माहेर पूर्णा स्टेशनजवळचं. वडील रेल्वेत होते, म्हणून माझ्या चार इयत्ता झाल्या. त्या काळी सरकारी शाळेत पुढचं सगळं उर्दूत, तेव्हा शाळा सुटली. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही... जे बोलता आलं नाही ते इथे लिहून ठेवते.

राणीसावरगावच्या शिवारात आमची ज्वारी असते. घरात मी थोरली सून, गोदा धाकटी. गोदाला दिवसा झोप यायची. साधी पेंग नव्हे – भाकरी थापताना हात परातीतच थांबायचा. एकदा वाढता वाढता डोळे मिटले आणि वरण मामंजींच्या धोतरावर सांडलं. त्या दिवशी घरात ठरलं, हिला बाहेरचं लागलंय.

खरं कारण आमच्या जात्यानेही सांगितलं असतं. घरादाराचं, सालगड्यांचं दळण कोंबड्याच्या आधी उठून धाकटीने एकटीने दळायचं, ही आमची रीत. रात्री आत्याबाईंना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, झोप लागेपर्यंत त्यांचे पाय चेपायचे. त्यांना झोप लागते उशिरा, कारण त्या दुपारभर झोपतात. त्यांच्या झोपेला मात्र विश्रांती म्हणतात.

देवऋषी आला. त्याने गोदाला मिरच्यांची धुरी दिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तर म्हणाला, "बघा, भूत रडायलंय." मग पुरणपोळी जेवून आमच्याच ओसरीवर उन्हं कलेपर्यंत घोरला. त्याला कुणी धुरी दिली नाही.

उठल्यावर त्याने निवाडा दिला. "हिला एकटीला माळ्यावर बसवा. पीक राखलं तर ठीक. पाखरानं खाल्लं तर बाधा पक्की, माहेरी लावून द्या." माळा म्हणजे रानातलं लाकडी मचाण. त्यावर बसून गोफणीने पाखरं हाकायची. आत्याबाईंनी धाकट्या लेकासाठी आपल्या भावाची पोर आधीच मनात धरली होती. गोदाच्या नवऱ्याने मान हलवली. मान हलवण्यापुरताच तो पुरुष आहे.

कणसं दुधात आली होती. दुपारी मी भाकरी घेऊन रानात गेले, तर गोदा माळ्यावर गाढ झोपलेली. गोफण मांडीवर, तोंड उघडं, गालावर माशी. तेवढ्यात भोरड्यांचा थवा आला. या पाखरांचा थवा बसला की कणसात दाणा उरत नाही. मी ओरडायला तोंड उघडलं. थवा आमच्या कणसांना टेकेल इतका खाली आला... आणि कुणी दगड भिरकावल्यासारखा एकदम फिरला. दगड नव्हता, हाक नव्हती, पानही हललं नाही. थवा बांधापलीकडे उतरला. ते रान देवऋषीचं.

योगायोग म्हणून मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. घरच्यांनीही येऊन पाहिलं.

मग देवऋषीच आमच्या दारात आला. "मावशी, दोन दिस हिला माझ्याबी माळ्यावर निजू द्या की."

आत्याबाई म्हणाल्या, "देवी हाय ती. कुणाच्याबी रानात निजत न्हाई."

गोदापुढे नारळ फुटला. दळण मात्र तिचंच राहिलं. देवी झाली तरी पीठ कोण दळणार?

गोदा मला म्हणाली, "अक्का, पाखरं का फिरत्यात मला काय ठावं? मी तर निजलेली असते. पन आता जागं ऱ्हायचंच भ्या वाटायलंय. जागी ऱ्हायले अन् पाखरं बसली तर?"

दुसऱ्या पहाटेपासून तिच्यासमोर बसून जात्याचा खुंटा धरला. हळूहळू तिचे डोळे उघडे राहू लागले. ती जागी राहिली, तशी पाखरं येऊ लागली. तिने ती चारचौघींसारखी गोफणीने हाकली. ज्वारी घरात आली. जिच्यापुढे नारळ फुटला, त्या बाईला माहेरी पाठवायची छाती आता कुणाची होणार? भावाच्या पोरीचं नाव निघेनासं झालं.

पुढच्या साली चुलीपुढे मला डुलक्या येऊ लागल्या. आत्याबाई टक लावून बघायच्या. एक दिवस अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "थोरले, डोळे जड व्हायलेत का गं? जाय, माळ्यावर बस."

मी गेले, आणि मनापासून झोपले. जाग आली तेव्हा भोरड्या माळ्याच्या कडेला बसल्या होत्या. भोवतालची कणसं रिकामी.

आत्याबाईंनी रान पाहिलं, मला पाहिलं. "ही नुसती आळशी हाय," म्हणाल्या.

गोदाच्या झोपेत त्या पाखरांना काय दिसलं, ते मला आजही कळलेलं नाही. देवऋषीला सगळं कळतं म्हणे. म्हणूनच मी त्याला विचारत नाही.