शेक आणि कवच

लोखंडी फाटकं, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे रंगवणं हा तिचा धंदा. हातावर कायम गंज रोखणाऱ्या प्रायमरचे तांबडे डाग, म्हणून नवरा तिला प्रायमरबाई म्हणायचा. तो शिंपी. पायाखाली मशीन आणि तोंडाने गप्पा, दोन्ही दिवसभर चालू. एकदा त्याचा आवाज बसला तो उठलाच नाही. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरीणबाईंनी शेक घ्यायला सांगितलं. शेक म्हणजे किरणांचा, रोज सकाळी.

"शेकानं चांगल्या पेशीही भाजतात हं वहिनी," नणंद म्हणाली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे आजारपणात घरात तिचाच शब्द चालायचा. "आपण नुसता श्वास घेतो ना, त्यातूनही शरीरात उपद्रवी कण तयार होतात. ते पेशींना ओरबाडतात, आतल्या डीएनएला चिरा पाडतात. फळं-भाज्यांतली अँटिऑक्सिडंट त्यांना थंड करतात. मग गोळीच दिली तर? अख्खं कवच!"

कवच तिला लगेच पटलं. लोखंड आणि हवा यांच्यामध्ये थर देण्यातच तिचा जन्म गेला होता. नवरा गोळ्या बघून तोंड फिरवायचा. मग ती त्या कुटून गुपचूप संत्र्याच्या रसात ढवळू लागली. एका गोळीने गुण येतो तर जास्त गोळ्यांनी जास्त येईल, हा हिशेब मात्र तिचा स्वतःचा.

शेक सुरू झाला. सोबतच्या पेशंटांचे गळे लाल झाले, सोलले, कुणाला पाणी गिळवेना. हा ठणठणीत. "माझी कातडी जाड आहे. लग्नापासूनची सवय," तो खरखरत्या आवाजात सगळ्यांना सांगायचा.

एके सकाळी तो आत शेक घेत होता आणि ती बाहेर बाकावर बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्याला नर्स समजावत होती, "काका, जेवणातली फळं-भाज्या खुशाल खा. पण त्या भारी ताकदीच्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या बंद करा. त्या गोळ्या ज्या उपद्रवी कणांना थंड करतात, तसलेच कण शेकातून आम्ही मुद्दाम तयार करतो, गाठीच्या पेशींचा डीएनए तुटावा म्हणून. तुमची गोळी कदाचित गाठीलाच वाचवेल."

तिला घरचा संत्र्याचा रस आठवला. गंज न खरवडता वरून प्रायमर फासणाऱ्यांना ती कामावरून हाकलायची. वर गुळगुळीत दिसतं आणि आत गंजाचं खाणं चालूच राहतं.

दार उघडून नवरा बाहेर आला. "बघ, आजही डाग नाही!" त्याने मान वर करून दाखवली. इतके दिवस त्या गळ्याकडे पाहून तिला धीर यायचा. आता तिने नजर खाली घातली.

गोळ्या तिने त्याच दिवशी मोरीत ओतल्या. सांगायला मात्र जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी पेला रिकामा करत तो म्हणाला, "आज रस गोड लागला गं. रोज कडू का असायचा?"

दवाखान्यात ती त्याच्याबरोबरच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसली आणि उभ्या उभ्या सगळं बोलून गेली.

"सांगितलंत ते बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता एकही गोळी नको."

"पण शेक वाया गेला का हो?"

"वाया गेला असं मी म्हणणार नाही. काहीच फरक पडला नाही, असंही छातीठोक सांगता येत नाही. कातडीवरून गाठीचं कळत नाही, बाई. शेक संपल्यावर तपासू."

घरी चप्पल काढताना तो म्हणाला, "गजाला रंग देताना घरमालकाला विचारतेस ना? मला विचारावंसं वाटलं नाही?" त्या दिवसापासून संत्री तो स्वतः पिळू लागला, तिच्याकडे पाठ करून.

पुढच्या आठवड्यात जेवताना त्याने घास तोंडातच धरला. शेकाच्या बाकीच्या पेशंटांसारखाच डोळे मिटून कसाबसा गिळला.

"दुखतंय," तो म्हणाला.

"खूप?" तिने विचारलं, आणि आपल्याच आवाजातली आशा ऐकून ती घाबरली.