पाहुणीचं ॲव्हरेज

गाडी खोलून परत जोडली की एखादा नट, एखादा वॉशर हातात उरतोच. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि तो नट कुठला होता ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या गॅरेजात अशा उरलेल्या नटांचा एक पत्र्याचा डबा आहे. किस्स्यांचंही तसंच. गाडी निघून जाते, एखादी गोष्ट मागं राहते, आणि डबा कधी भरला ते कळतही नाही.

पण एक गाडी अशी आली की डबाच पुरेना!

आमचं गॅरेज उसाच्या पट्ट्यातल्या बेलापुरात. पुढं गॅरेज, मागं आमच्या दोन खोल्या. माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून मीपण इथं मिस्त्रीच लिहिते. जून महिन्यात याकोब सर ती गाडी घेऊन आले. सर शाळेतून रिटायर झालेले, घरात एकटेच. त्यांचा धाकटा भाऊ पुण्यात वारला आणि त्याची परदेशी स्पोर्ट्स कार सरांकडं आली. पंचवीस वर्षांची जुनी, दोनच सीट, रंग पिकल्या जांभळाचा. इतकी बुटकी की सर उतरले तेव्हा जमिनीतून उगवल्यासारखे वाटले.

बाळूनाना ट्रॅक्टरवाले आमच्याकडं रोज असतातच, काम असो नसो. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"सर, किती देती?"

"देते कुठं, घेतेच! लिटरला साडेचार. पुण्याहून येताना मी एकदा चहा घेतला, हिनं दोनदा पेट्रोल."

"आरं बापरे! माझा ट्रॅक्टर नांगरताना सुदिक येवढं पीत न्हाई. ही गाडी न्हाई सर, पाहुनी हाय. घरच्यांच्या आधी हिचं ताट!"

तेव्हापासून गाडीचं नावच पाहुणी पडलं.

तेवढ्यात सरांच्या मुलाचा फोन आला. अमोल त्याचं नाव, नाशिकला नोकरीला. सरांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचा फोन सगळ्या गॅरेजला ऐकू येतो. "पप्पा, ती गाडी लिटरला दहा देत असेल तर ठेवा. नाहीतर मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. नाताळला आलो की मी स्वतः मोजणार आणि घेऊन जाणार."

सरांनी फोन खिशात ठेवला. गाडीच्या टपावरून हात फिरवला. मग मिस्त्रींना हळूच विचारलं, "दहा होतील?"

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, खूप वेळ आत बघितलं. "सर, आठ झाले तरी देवाची कृपा."

"ठीक आहे. आठ तुम्ही करा, दोन मी देवाकडं मागतो."

*

पहिल्यांदा एअर फिल्टर उघडला. इंजिनाला श्वास घ्यायची ती जागा. हवा नीट आली नाही तर इंजिन गुदमरतं, एवढं मलाही आता कळायला लागलंय.

आत खारीचं घरटं! काथ्या, कापूस, कुणाच्यातरी स्वेटरची लोकर आणि शेंगदाण्याची टरफलं. सगळं एवढं मऊ आणि नीट रचलेलं की मिस्त्रींना ते काढवेना. शेवटी दोन्ही हातांनी उचलून सरांसमोर धरलं.

आम्हाला वाटलं, सर हसतील. सर त्या लोकरीकडं बघत राहिले. निळी लोकर होती.

"हा त्याचाच स्वेटर," सर म्हणाले. "तो पुण्यात एकटा राहायचा म्हणून मला फार वाईट वाटायचं हो! आणि ही खार होती की त्याच्या सोबतीला."

घरटं अजून सरांच्या कपाटावर आहे. पाहुणी त्या महिन्यात साडेपाचवर आली.

*

मग नानांनी शोध लावला की गाडीत वजन जास्त आहे. डिकीतून काय काय निघालं! घडीची खुर्ची, दोन छत्र्या, जुन्या मासिकांचा गठ्ठा, आणि एक लोखंडी इस्त्री! सरांनी सगळं उतरवलं. तरी फरक पडेना.

"आता काढण्यासारखं काही उरलं नाही," मिस्त्री म्हणाले.

नानांनी सरांकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून सर पहाटे पाटाच्या कडेनं चालायला लागले. भात सोडला. महिन्याभरात पँट ढिली झाली, शुगर उतरली, डॉक्टरांनी पाठ थोपटली. म्हणाले, "सर, या वयात एवढा बदल! कशानं झालं हे?"

सर म्हणाले, "गाडीसाठी करतोय. तिच्यात मात्र काही फरक नाही."

*

आता माझं सांगते. माझी ओवी तेव्हा पाच महिन्यांची. ती झोपायचीच नाही. मांडीवर, झोळीत, खांद्यावर, कुठंच नाही. दहा मिनिटं डोळे मिटायची की दचकून उठायची. अंगणवाडीतल्या काट्यावर वजन वाढेना. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "दोष काही नाही, हिची झोप होऊ द्या." अहो, पण कशी होऊ द्यायची? मला नाही नाही ते मनात यायचं. ती जागी असली तरी भीती, झोपली तरी भीती. झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, आणि त्याच बोटानं ती उठायची!

एक दिवस मिस्त्री पाहुणीची ट्रायल घ्यायला निघाले. मागच्या चाकाचा ब्रेक घासत होता, बांधून ठेवलेल्या बैलासारखी गाडी ओढत चालायची. तो नीट केला होता. मला म्हणाले, "चल, तेवढीच हवा लागेल." मी ओवीला घेऊन बसले.

त्या गाडीत बसलं की रस्त्यावर मांडी घातल्यासारखं वाटतं. आपण बसलेलो आणि रस्ताच खालून वाहतोय. पाटाकडेचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. एवढ्या खालून बघितलं की उसाची पानं थेट आभाळात जातात आणि आभाळ एखाद्या अरुंद, निळ्या पाटासारखं वरून आपल्याबरोबर चालतं. इंजिनाचा आवाज म्हणावा तर आवाज नाही. घरात दुसऱ्या खोलीत कुणीतरी जातं फिरवतंय, आणि ते आपलंच माणूस आहे, असं काहीतरी.

मी खाली बघितलं. ओवी झोपली होती. मुठी सुटल्या होत्या.

"थांबवू नका," मी म्हणाले.

"अगं, ट्रायल झाली."

"थांबवू नका म्हणते ना!"

आम्ही दीड तासानं परत आलो. सर गॅरेजच्या दारात उभे. मिस्त्रींची मान खाली. सरांनी काचेतून आत डोकावून बघितलं आणि काय म्हणाले माहितीय?

"अजून एक चक्कर मारून या. तिला उठवू नका."

त्या दिवसापासून प्रत्येक ट्रायलला मी आणि ओवी. आणि त्या दिवसापासून नाताळची भीती सरांच्या बरोबरीनं मलाही लागली. पाहुणी गेली तर माझ्या लेकीची झोप तिच्याबरोबर जाणार होती.

*

प्लग बदलले, टायरात हवा बरोबर ठेवली, चाकांची अलाइनमेंट केली. साडेसातवर आली आणि तिथंच अडली. मग साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला आणि नानांना सुचलं.

"सर, गाडीला वाऱ्यानंच लई जोर लागतो. उसाच्या ट्रॉलीच्या मागं मागं चालवा. वारा ट्रॉली खाईल, आपुन आरामात!"

सर गणिताचे शिक्षक. त्यांना ते पटलं! दुसऱ्या दिवशी एका डबल ट्रॉलीच्या मागं लागले. पुढं उसाची भिंत, वर उडणारं पाचट, मधूनच रसाचा गोड वास. सर सांगतात, त्यांना आपण कुठं चाललोय याचं भानच राहिलं नाही. ट्रॉली वळली तसे सर वळले. ट्रॉली थांबली तसे थांबले. भानावर आले तेव्हा पुढं ऊस, मागं ऊस, बाजूला ऊस. सर कारखान्याच्या आत, ट्रॅक्टरांच्या रांगेत!

मागं वळायला जागा नाही. रांग थेट वजनकाट्यावर जाते. चार तासांनी सरांचा नंबर आला. पाहुणी काट्यावर चढली. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून खाली बघितलं, मग अजून खाली बघितलं.

"ऊस कुठाय?"

"नाही आणला," सर म्हणाले.

"मग कशाला आलात?"

सर म्हणतात, माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढा अवघड प्रश्न मला कुणी विचारला नाही!

रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांनी त्यांना भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. त्या दिवशीचं ॲव्हरेज निघालं चार. मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले, "सर, दुसऱ्या गिअरात एवढ्या हळू रांगली की ती जास्तच पिते!" आणि नाना आठवडाभर गॅरेजकडं फिरकले नाहीत.

*

मिस्त्री हाताचे चांगले, पण गाडी चालवताना पाय भारी. म्हैस दिसली की ब्रेक, म्हैस गेली की एकदम ॲक्सिलेटर. प्रत्येक ब्रेकला ओवी दचकायची आणि मी ओरडायची.

"अहो, हळू!"

"म्हशीला सांग!"

"ती म्हैस केव्हाची दिसतेय. आधीच पाय उचलायला काय होतं?"

एक दिवस वैतागून त्यांनी गाडी कडेला घेतली. "तूच चालव मग!"

स्पेअर पार्ट आणायला आमची जुनी व्हॅन मी चालवते, लायसन आहे. पण ही! चप्पल काढली, पाय ॲक्सिलेटरवर ठेवला, आणि मला एकदम कळलं हे कसं करायचं ते. बाळाला थोपटतो ना आपण, हात पडला हेही त्याला कळू नये असं, तसा पाय ठेवायचा. लांब बघायचं. वळण असेल, म्हैस असेल, खड्डा असेल, तर आधीच पाय उचलायचा आणि गाडीला तिची तिची वाहू द्यायची. ब्रेक लागतच नाही. भित्र्या माणसाला पुढचं सगळं आधीच दिसतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या काळजीचा काही उपयोग झाला!

ओवी दोन तास झोपली. परत आल्यावर सरांनी पंपावर टाकी फुल्ल करून हिशेब केला. नऊ पूर्णांक दोन!

मिस्त्रींनी तीनदा आकडे तपासले. मग टायरावर जाऊन बसले.

"सहा महिने मी इंजिन खोलतोय," ते म्हणाले, "आणि फॉल्ट माझ्या पायात होता!"

*

नाताळच्या आदल्या दिवशी पहाटेच अमोल आला. चकचकीत बूट, हातात वही, कानावर पेन. पंपावर स्वतः उभं राहून टाकी काठोकाठ भरून घेतली. सोनईला जाऊन परत यायचं, परत भरायची, भागाकार करायचा.

"चालवणार कोण?"

सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. अमोलनं आधी माझ्याकडं, नंतर ओवीकडं बघितलं. मग म्हणाला, "ताई, तुम्ही? आणि हे बाळ?"

"हे तुमच्या मांडीवर," मी म्हणाले. "सीट दोनच आहेत. झोपली की मान सांभाळा तिची."

सकाळचं धुकं होतं. ऊस दिसत नव्हता, नुसते तुरे धुक्यावर तरंगत होते. मी पाय तेवढा सांभाळत होते, कारण त्या पायावर ओवीची सगळी झोप होती. अमोलनं पहिल्यांदा दोनचार आकडे लिहिले. मग ओवी त्याच्या दंडावर झोपली आणि त्याला हात हलवता येईना. वही खाली पडली, ती त्यानं उचलली नाही.

सोनईच्या अलीकडं तो म्हणाला, "काका मला या गाडीतून फिरवायचे. मी तेव्हा सातआठ वर्षांचा. पुढचं काहीच दिसायचं नाही, नुसतं आभाळ दिसायचं."

"आता दिसतंय ना?" मी विचारलं.

त्यानं काचेतून वर बघितलं. सोनईहून मी गाडी परत वळवली.

पंपावर सर, मिस्त्री, नाना, सगळे उभे. टाकी भरली. अमोलनं ओवीला माझ्याकडं दिलं, मोबाईलवर भागाकार केला. एकदा केला, परत केला.

"नऊ पूर्णांक सात," तो म्हणाला. "दहा नाही झाले, पप्पा."

नाना तोंड उघडणार होते, मिस्त्रींनी त्यांचा हात दाबला. सर म्हणाले, "ठरलं होतं ते ठरलं होतं," आणि किल्ली त्याच्यासमोर धरली. मी ओवीला छातीशी घट्ट धरलं.

अमोलनं किल्ली घेतली. गाडीला वळसा घालून पलीकडं गेला. दार उघडलं, आणि खाली वाकून त्यानं बूट काढले. मोजेपण काढले. दोन्ही पंपाच्या फरशीवर नीट शेजारी शेजारी ठेवले आणि अनवाणी स्टेअरिंगवर बसला.

"ताई, बसा. पाय कसा ठेवायचा ते सांगा."

"अरे, कुठं निघालास?" सरांनी विचारलं.

"दहा करून येतो, पप्पा."

आम्ही निघालो. मी आरशात बघितलं. सर वाकले होते, अमोलचे बूट उचलत होते. मग ते बूट छातीशी धरून धुक्यात उभे राहिले, आणि पाहुणी वळेपर्यंत तसेच दिसत होते.