सांगणारीचा वाटा

त्रीना आप्रिलला पिकेवेनांच्या आईबापांचा भारी राग होता. पिकेवेन म्हणजे पेंग्विन, आमच्याकडं त्यांना तेच नाव. दर नोव्हेंबरात ही थोरली मंडळी पिसं टाकायला किनाऱ्यावर बसतात. नवी पिसं येईपर्यंत तीन आठवडे पाण्यात शिरता येत नाही, मग मासे कुठले? स्वतः उपाशी आणि उशिरा जन्मलेलं पिल्लूही उपाशी. "त्यांचा दोष नाही गं त्रीना, निसर्ग आहे," असं पिल्लांच्या केंद्रातल्या डॉक्टर निकोलाबाई समजावायच्या. "निसर्ग गेला खड्ड्यात," त्रीना म्हणायची. "पोटचं पोर टाकून कपडे कसले बदलता?"

बावीस वर्षं तिनं गावच्या कारखान्यात तारल्या डबाबंद केल्या होत्या. समुद्रातला मासा आटला, कारखान्याला कुलूप लागलं आणि ती टेकडीवरच्या पिल्लांच्या केंद्रात झाडलोटीला लागली. दोन महिन्यांत पिल्लांना भरवायचं कामही तिच्याकडंच आलं, कारण त्यांच्या चोचीला ती भीत नव्हती. कोपरापर्यंत हात ओरबाडलेले. गाव हसायचं. "जन्मभर मासे डब्यात कोंबलेस, आता पाखरांत कोंब." ती म्हणायची, "डब्यानं मला कधी ओळखलं नाही, ही ओळखतात. तुमच्यापेक्षा बरी."

त्या वर्षीचं शेवटचं पिल्लू एक्केचाळीस नंबरचं. आणलं तेव्हा मुठीत मावेल एवढं पोट आणि वर हाडं. पिल्लांना नाव द्यायची केंद्रात बंदी, म्हणून त्रीना त्याला लाडानं एक्केचाळीसच म्हणायची. ते जगलं, फुगलं, निळसर करडी पिसं आली. पण तळ्यात सोडलं की बदकासारखं वर तरंगत राहायचं. डोकं पाण्याखाली घालायलाच तयार नाही. हातातली तारली गट्ट करणार, पण तीच पाण्यात सोडली तर मासा म्हणून ओळखायचंसुद्धा नाही.

"याला कोण शिकवणार?" तिनं विचारलं.

"कुणी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरट्यात वाढलेल्यांनाही कुणी शिकवत नाही. एक दिवस एकटीच निघतात. सापडला मासा तर जगतात."

त्रीनाला ते काही पटलं नाही. तिनं तारलीला दोरा बांधला आणि तळ्याच्या कडेनं ती पळवत फिरली, दोन आठवडे, गुडघे दुखेपर्यंत. चौदाव्या दिवशी एक्केचाळीसनं मान खाली घातली, पाठ वाकवली आणि ते दिसेनासं झालं. वर आलं तेव्हा दोरा रिकामा होता. त्रीना तिथंच फरशीवर बसून रडली.

फेब्रुवारीत पिल्लं समुद्रात सोडली. आठ जणांच्या पाठीवर बोटभर यंत्र चिकटवलेलं. कुठं गेली, किती खोल बुडी मारली, सगळं केंद्रातल्या पडद्यावर दिसायचं. पहिले चार दिवस नुसती भटकंती. दोन हात बुडी, चार क्षण, परत वर. एकाचंही धड पोट भरलं नसणार. त्रीनाचा जीव टांगणीला लागलेला. पाचव्या दिवशी आठांतले पाच ठिपके एकाच जागी गोळा झाले, आंधळ्या खडकावर. हा खडक पाण्याखाली आहे, वरून दिसत नाही. पिकेवेनांच्या वस्तीच्या बेटाभोवती पर्ससीनच्या, म्हणजे घेराचं मोठं जाळं टाकणाऱ्या, बोटींना बंदी आहे, पण खडक त्या रेषेच्या दीड मैल बाहेर. तिथं एक्केचाळीस दिवसभर बुड्या मारत होतं. पंधरा मीटर, अठरा, बावीस.

"शिकलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता महिनाभर तिथं मासा टिकला की झालं. अंगात ताकद आली की जाईल कुठंही."

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. पाखरं एका जागी पाण्यात सूर मारताना दिसली की धावत जाऊन बोटवाल्याला सांगायचं. लपवणं म्हणजे पाप, चोरीहून वाईट. बोट भरून आली की सांगणाऱ्याच्या दारात बादलीभर मासे येतात, तो त्याचा वाटा. इथली पोरं चालायला शिकतात आणि लगेच हे शिकतात.

रविवारी प्रार्थनेनंतर त्रीनाचा थोरला भाऊ डाविट जेवायला आला. बायको गेल्यापासून दर रविवारी यायचाच. तिचा बुटा, म्हणजे दादा. बाप बुडाला तेव्हा हा चौदा वर्षांचा, शाळा सोडून बोटीवर गेला आणि त्रीनाला वाढवली. आता स्वतः तांडेल, बोटीवर अकरा माणसं. त्रीनानं मनुका घालून पिवळा भात केला होता, मटणाचा रस्सा होता. आणि ती इतकी आनंदात होती की तिच्या तोंडात तीळ भिजेना.

"बुटा, माझं एक्केचाळीस बावीस मीटर गेलं. आंधळ्या खडकावर. पाच जण आहेत तिथं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत खातायत."

डाविटचा चमचा थांबला. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत?"

"चार दिवसांची उपाशी पोरं, मग काय."

"वा," तो म्हणाला. "भात छान झालाय आज."

बुधवारी सकाळी तिनं दार उघडलं तर उंबऱ्यावर निळी बादली. काठोकाठ तारल्या, अजून चकाकणाऱ्या.

 त्रीना चप्पल न घालताच धक्क्यावर गेली. डाविटची बोट पाण्यात पार खाली बसली होती. दोन दिवसांत तीन खेपा झाल्याचं पोरं हसत सांगत होती.

"तू आंधळ्या खडकावर गेलास."

"रेषेच्या बाहेर आहे तो. कायदा मोडला नाही मी."

"मी कायद्याचं विचारलं का?"

"तू सांगितलंस, मी गेलो, तुझा वाटा दारात ठेवला. बाबांच्या वेळेपासून असंच चालतं. मग कशासाठी सांगितलंस?"

"मी बुटाला सांगितलं. तांडेलाला नव्हतं सांगितलं."

"अकरा घरं आहेत माझ्यामागं, त्रीना. तीन आठवडे रिकामा येत होतो. तुझ्या पाखरांपुढं माणसं काहीच नाहीत का?"

त्रीना आणखीच पेटली. "त्यांच्या तोंडचा घास काढलास तू, तोही माझ्या हातानं. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. केसानं गळा कापलास, बुटा."

तो जाळं आवरत राहिला.

पडद्यावर मात्र ठिपके तिथंच होते. नवशिक्या पिल्लाला दुसरी जागा ठाऊक नसते. एकदा जिथं पोट भरलं तिथंच ते पुन्हा पुन्हा जातं. बावीस मीटर, पंचवीस, रिकाम्या पाण्यात. मासा गेल्यापासून पाचव्या दिवशी बुड्या उथळ झाल्या, सातव्या दिवशी दोन यंत्रं गप्प. "चिकटपट्टी सुटली असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. दोघीही एकमेकींकडं बघत नव्हत्या.

"ती जागा मी सांगितली," त्रीना म्हणाली. "जेवताना. माझ्या भावाला."

डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं तिला.

एक्केचाळीस शनिवारी किनाऱ्यावर सापडलं. सोडलं तेव्हा तीन किलो, आता दीड. त्रीनाचा आवाज ऐकून त्यानं चोच उघडली, तारली गिळायचा प्रयत्न केला, पण ती खाली उतरेना. दुपारपर्यंत तिच्या मांडीवर होतं. मग गेलं.

त्याच संध्याकाळी पडद्यावर दिसलं, उरलेल्यांपैकी तिघांना पश्चिमेला वाळूच्या खाडीपाशी मासा लागलाय. दिवसभर बुड्या.

दुसऱ्या दिवशी, मधला एक रविवार चुकवून, डाविट जेवायला आला. येणार नाही असं तिला वाटलं होतं, पण आला, टोपी हातात धरून. एक्केचाळीसचं कळलं होतं त्याला. "वाईट झालं," म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता, एवढं तिला कळलं. तिनं वाढलं.  मग जन्मभर विचारत आला होता तसंच त्यानं विचारलं, "बाकीची कुठं आहेत आता?"

आमच्या गावात पाखरांबद्दल कुणी खोटं बोलत नाही. आप्रिलांच्या घरात तर नाहीच नाही. त्रीनानं त्याच्या ताटात भात वाढला.

"पूर्वेला," ती म्हणाली. "दीपगृहाच्या पलीकडं, पार लांब. खूप मासा आहे म्हणतात."

"उद्या पहाटेच निघतो मग," डाविट म्हणाला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.