खड्ड्यावर उभा राहिलेला माणूस

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते, पोरींनी भुताचा विषय काढला की त्यांना गप्प बसवते. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, म्हणून लिहितेय...

साल १९९९. आम्ही मंठ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबांचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यांनी जालन्याहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. मी नववीत, माझी बहीण मंदा पाचवीत. गेममध्ये एक बुटका माणूस होता – त्याला पळवायचं, उड्या मारत खड्डे पार करायचे, बस्स.

गेम भयंकर अवघड होता, पण बेईमान नव्हता. माणूस मेला तर चूक आपलीच – उडी घाईत मारली, न्हाईतर उशिरा. म्हणूनच पुन्हा खेळावंसं वाटायचं. काल जिथं दहा वेळा मेलो, तिथून आज बोटं आपोआप पार करायची... तो आनंद काही वेगळाच! चीड यायची ती सहाव्या लेव्हलची. सरकत्या फळ्या, खाली काळा खड्डा, आणि अगदी शेवटच्या फळीवरून पडलं तरी सगळं पहिल्यापासून. मंदा तर रिमोट गादीवर आपटायची.

आमचा एक नियम होता. जी मरेल तिनं उठून आईचं काम करायचं, दुसरीनं खेळायचं.

चार दिवस पाऊस लागून राहिला होता. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जरा उघडलं. आईनं घरामागच्या हातपंपाखाली हंडा लावून ठेवला आणि आतून हाक मारली, "पाणी आणा गं कोणीतरी, जल्दी!"

मंदा सहाव्या लेव्हलला होती, शेवटच्या जिवावर. मी पाळीसाठी टपलेली. मी म्हणाले, "मर की एकदाची! किती वेळ लावून राह्यलीस!"

हे शब्द आजही मला टोचतात.

मंदा हसली. "घे बाई, मेले. जाते मी पाण्याला," म्हणाली, आणि तिनं मुद्दाम माणसाला खड्ड्यात उडी मारायला लावली.

माणूस पडला न्हाई. काळ्या खड्ड्याच्या वर, रिकाम्या जागेत तो उभा राहिला.

"ताई... हा मरून न्हाई राह्यला," मंदा म्हणाली.

गेम अडकला असेल म्हणावं, तर संगीत चालू होतं. वरचे सेकंद उतरत होते. मंदानं बटण दाबलं की माणूस चालायचा सुद्धा – हवेत! आम्ही दोघी टीव्हीला नाक लावून बसलो.

"मंदे, उठतेस का येऊ?" आई ओरडली.

"थांब ना आई, एकच मिनिट!"

आणि मागं धाडकन आवाज झाला. घर हादरलं. आम्ही पळत मागच्या दारात गेलो. शेजारच्या पडक्या गोदामाची दगडमातीची भिंत हातपंपावर कोसळली होती. ढिगाऱ्यातून हंड्याचा काठ तेवढा दिसत होता, पार चेपलेला. आई दारात आली, तो हंडा बघितला आणि मंदाला अशी घट्ट धरली की ती पोरगी रडायलाच लागली.

घरात आले तेव्हा टीव्हीवर गेम संपल्याची पाटी होती. माणूस पडला होता. कधी, ते कुणी बघितलं न्हाई.

बाबा म्हणाले, "गेमच्या कॅसेटचा कॉन्टॅक्ट हलला असंल." मग त्यांनी स्वतः बसून कॅसेट हलवून, ओली करून, वायर ढिली करून बघितली. गेम बंद पडायचा, पडद्यावर पट्ट्या यायच्या. मी त्याच फळीवरून शंभरदा उडी मारली. माणूस दर वेळी सरळ खाली. शेवटी बाबांनी वायरी गुंडाळून ठेवल्या.

मंदा आज दोन मुलांची आई आहे. तिला विचारलं तर म्हणते, "कसं झालं ते शोधून काय करायचं ताई? झालं, हे बरं झालं."

तो गेम कधीच बंद पडलाय, पण खंडेनवमीला बाबा पान्या-पकडींच्या शेजारी तोही मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. मी हात जोडते. कुणाला, ते मला सांगता येत न्हाई.